२८ बोअर, २० बोअर, .४१०... छोट्या बोअरच्या शॉटगन खरंच कामाच्या की नुसता जीव जडतो?

तबकडीफोड

मंडळी, एक सल्ला पाहिजे. माझ्याकडे १२ बोअरची ओव्हर-अंडर (एकीवर एक अशा दोन नळ्यांची) आहे, ३.४ किलोची, फक्त हवेत उडवलेल्या तबकड्यांवर वापरतो, जास्त करून स्कीट (ठरलेल्या मार्गाने जाणाऱ्या जवळच्या तबकड्या) आणि अधूनमधून स्पोर्टिंग क्लेज (वेगवेगळ्या अंतरांच्या तबकड्या). तिच्याबद्दल तक्रार काहीच नाही, पण मध्ये रेंजवर एका काकांनी त्यांची २८ बोअर हातात दिली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जातच नाहीये. फोर-एंड (नळीखालचं पुढच्या हाताचं लाकूड) इतका बारीक की बोटं पार वळून येतात, खांद्याला लावायला गेलो तर ती आधीच तिथे पोचलेली. त्यांनी थोड्या तबकड्या मारूही दिल्या, ज्या लागल्या त्यांचा अगदी धूर झाला, आणि धक्का म्हणाल तर जेमतेम.

आता मला हे कळत नाहीये की हे नुसतं हलकेपणाचं कौतुक आहे का खरंच काही फायदा आहे. काका म्हणत होते की २८ चा पॅटर्नच (छर्रे पसरून पडतात ती नक्षी) वेगळा, छर्रे कमी असले तरी १२ सारखीच फोडते, त्यात तथ्य किती? लांबच्या तबकड्यांना अडचण येते का? आणि घ्यायचीच तर २० घ्यावी, २८ घ्यावी का सरळ .४१०? खांदा हल्ली दुखतो संध्याकाळी, तेही एक कारण आहेच. ज्यांनी वापरल्यात त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

दुनळी

२८ हातात आली की असंच होतं, त्यात तुझं काही चुकलं नाही. मी १२ वरून २० आणि मग २८ असा आलोय त्यामुळे मी बाजू घेऊनच बोलणार हे आधीच सांगतो.

आधी मापं, म्हणजे नवीन कोणी वाचत असेल त्यालाही कळेल. बोअरचा आकडा मोठा तेवढी नळी बारीक, कारण तो आकडा म्हणजे त्या नळीत बरोब्बर बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात होतात ते. १२ ची नळी आतून साधारण १८.५ मिमी, १६ ची १६.८, २० ची १५.६ आणि २८ ची १४. .४१० या हिशोबात येत नाही, तो सरळ इंचातला व्यास आहे म्हणजे १०.४ मिमी, बोअरमध्ये सांगायचं तर ६७ च्या आसपास पडेल. आता नळी बारीक झाली की काडतूस बारीक, म्हणून ॲक्शन (बंदूक उघडते-मिटते तो मधला लोखंडी भाग) बारीक करता येते, ॲक्शन बारीक झाली की लाकूडही त्या मापात येतं, दोन्ही हात नळीच्या रेषेच्या जवळ येतात आणि मग बंदूक आपण उचलतोय असं न वाटता नजर जाईल तिकडे जाते. १२ ची चांगली ओव्हर-अंडर ३.२ ते ३.६ किलो, २० ची पावणेतीन ते तीन, २८ अडीच ते पावणेतीन. हातात घेऊन उभं राहिलं तर अर्धा-पाऊण किलोचं काय एवढं असं वाटेल, पण ज्याने बंदूक हातात तयार धरून दिवसभर चढ-उतार तुडवलेत त्याला विचार. संध्याकाळी पक्षी उठतो तेव्हा थकलेले हात जड बंदूक वर आणायला उशीर करतात, हलकी तेव्हाही वेळेवर येते.

एक गोष्ट मात्र घेताना नीट बघ. ती २८ खऱ्या २८ च्या फ्रेमवर (म्हणजे ॲक्शनच्या मापावर) आहे का २० च्या फ्रेमवर २८ च्या नळ्या बसवल्यात. दुसऱ्या प्रकारात बाहेरचं माप तेच आणि आतलं भोक लहान, म्हणजे लोखंड जास्त, ती २० पेक्षाही जड भरू शकते. वाईट नसते, तबकड्यांना तर काही जणांना तीच आवडते, पण तू ज्या हलकेपणावर भाळलायस तो त्यात नाही. काकांच्या बंदुकीत बोटं पार वळत होती म्हणतोस त्यावरून ती खऱ्या फ्रेमवरची असावी.

छर्रे_मोजा

दुनळी भाऊंनी मापं बरोबर दिलीत आणि हातातल्या अनुभवाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, तो खराच आहे. पण "२८ चा पॅटर्न जादूचा" हे वाक्य प्रत्येक रेंजवर ऐकू येतं आणि त्यावर विश्वास ठेवून लोक बंदूक घेतात, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट छोट्या बोअरच्या बाजूचीच सांगतो कारण ती बहुतेकांना माहीत नसते. छोटी बोअर "कमजोर" मारत नाही. साडेसात नंबरचा (नंबर मोठा तेवढा छर्रा बारीक) शिशाचा छर्रा २८ मधून निघो नाहीतर १२ मधून, नळीतून बाहेर पडताना वेग सारखा असेल (बहुतेक काडतुसांत सेकंदाला साडेतीनशे-पावणेचारशे मीटरच्या आसपास असतो) तर हवेत गेल्यावर त्या दोघांत काडीचाही फरक नाही, तितकाच लांब जातो, तितकाच जोरात लागतो. दाबाचं म्हणाल तर अमेरिकन मानकांत १२ च्या नेहमीच्या काडतुसाला ११,५०० पीएसआयची (चौरस इंचाला पौंड) मर्यादा आहे, २० ला १२,०००, २८ ला १२,५०० आणि तीन इंची .४१० ला १३,५००, म्हणजे बारीक नळी उलट जास्त दाबावर चालते. फरक फक्त एकच, छर्रे किती. आणि सगळी मर्यादा तिथूनच येते.

अमेरिकन स्कीटमध्ये बोअरप्रमाणे चार गट आहेत आणि प्रत्येकात छर्र्यांचं वजन ठरलेलं आहे, १२ ला ३२ ग्रॅम, २० ला २५, २८ ला २१ आणि .४१० ला १४. साडेसात नंबरचे छर्रे धरले तर साधारण ३९४, ३०६, २६२ आणि १७५. आता समज अशा अंतरावर तबकडी आहे की तुझा चोक (नळीच्या तोंडाशी असलेला आवळपणा, छर्रे किती फाकतात ते त्यावर ठरतं) ३० इंची वर्तुळात ६० टक्के छर्रे टाकतोय. ते वर्तुळ म्हणजे ४,५६० चौरस सेंमी. १२ चे २३६ छर्रे त्यात पडले म्हणजे १९ चौरस सेंमीला एक, २८ चे १५७ म्हणजे २९ ला एक, .४१० चे १०५ म्हणजे ४३ ला एक. आणि तबकडी कडेने दिसत असेल तर ११ सेंमी रुंद आणि अडीच सेंमी उंच, जेमतेम २७ चौरस सेंमी. बघ आता. १२ ला सरासरी एकाहून जास्त छर्रा तिच्या वाट्याला येतो, २८ ला एकाच्या जरा खाली, .४१० ला अर्ध्याच्या थोडा वर. सरासरी एक म्हणजेही प्रत्येक तबकडीला एक नव्हे, कुठे दोन पडतात कुठे शून्य, आणि त्या शून्याच्या भोकातून तबकडी सुखरूप निघून जाते. तुझा नेम शंभर टक्के बरोबर असूनसुद्धा. वर्तुळाच्या मध्यावर दाटी जास्त असते आणि कडेला विरळ हे धरलं तर मध्यावर मारणाऱ्याला चित्र थोडं बरं, कडेने खरवडणाऱ्याला आणखी वाईट.

मग काकांची तबकडी धूर का झाली? कारण स्कीटमध्ये तबकड्या एकमेकींना छेदतात त्या खुणेपासून स्टेशनं २१ यार्डांवर असतात, म्हणजे १९ मीटर. तिथे पॅटर्न अजून उघडलेलाच नसतो, २१ ग्रॅम भरपूर होतात. .४१० ने शंभरात शंभर मारणारे लोक आहेत त्याचं कारण हेच, आणि अर्थात ते लोक मध्यावर मारतात. हेच ३५ मीटरवर कडेने जाणाऱ्या तबकडीला करून बघ, मग २८ आणि १२ मधला फरक स्कोअरशीटवर दिसायला लागेल.

आता ती जादू. ती अशी सांगतात की २८ मध्ये २१ ग्रॅम म्हणजे "चौरस" भरणी, छर्र्यांच्या थराची उंची नळीच्या व्यासाइतकी, म्हणून छर्रे चेपत नाहीत. मोजून बघा ना. छर्रे डब्यात ओतले की मधल्या फटी धरून एका घनसेंमीत साधारण ६.९ ग्रॅम मावतात, त्या हिशोबाने २१ ग्रॅमचा थर २८ च्या नळीत दोन सेंमी उंच होतो आणि नळी १.४ सेंमीची. चौरस कुठे आहे? २८ ग्रॅमचा थर १२ मध्ये दीड सेंमी, तोच १६ मध्ये १.८५, चौरसाच्या सगळ्यात जवळ जाते ती १६ आणि तिच्याबद्दल कोणी जादू म्हणत नाही. .४१० मध्ये तर १२ पेक्षा निम्मेच छर्रे असून थर अडीच सेंमीच्या आसपास होतो, तीन इंची काडतुसात सव्वातीनपर्यंत. उंच थरात सुटताना खालच्या छर्र्यांवर वरच्यांचं ओझं येतं, बाजूचे नळीला घासतात, चेपलेला छर्रा हवेत सरळ जात नाही. प्लास्टिकच्या वॅडने (दारू आणि छर्रे यांच्यामधली वाटी) आणि कडक शिशाने हे खूप कमी झालंय हे मान्य. पण २८ चांगली मारते ती चांगली बनवलेली बंदूक, चांगलं काडतूस आणि ती घेणारा माणूस आधीच मुरलेला असतो म्हणून.

खांद्याबद्दल वेगळं लिहितो, आधी इतरांचं येऊ दे.

रेंजऑफिसर

चर्चा चांगली चाललीये पण मध्येच येतो कारण हे कोणी लिहिलं नाही तर चालणार नाही. घरात १२ असताना दुसरी बोअर आणणार असाल तर हे पाठ करा.

२० चं काडतूस १२ च्या नळीत टाकलं तर ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तो भाग) थांबत नाही. सरकत पुढे जातं आणि चेंबर संपून नळी निमुळती होते तिथे त्याची पितळी कड अडकते. मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं काडतूस घालायचंच राहिलं, चाप ओढला तर नुसता टक आवाज येतो, तो उघडतो आणि १२ चं घालतो, ते व्यवस्थित बसतंही. पुढचा बार उडाला की अडकलेल्या काडतुसावर जाऊन आदळतो आणि नळी फुटते, फुटते ती बरोब्बर तिथे जिथे तुमचा पुढचा हात असतो. २० ची काडतुसं पिवळी ठेवायची पद्धत यासाठीच पडली. २८ चं काडतूस २० मध्ये गेलं तरी असंच होऊ शकतं आणि तिथे रंगाचा असा भरवसा नाही.

त्यामुळे एका दिवशी एकच बोअर. पिशवी वेगळी, जॅकेट वेगळं, जॅकेटचे खिसे घरी उलटे करून बघायचे. मित्राकडून मूठभर काडतुसं घेतली तर प्रत्येकावरचा आकडा वाचायचा. आणि टक आवाज आला की नळी रोखलेलीच धरून थोडं थांबायचं, मग उघडून, काडतूस काढून, नळीतून आरपार उजेड दिसतोय का बघायचं, दिसल्याशिवाय दुसरं घालायचं नाही.

काडतुसाची लांबी पण बघा. २० मध्ये ७० मिमी आणि ७६ मिमी दोन्ही मिळतात, .४१० मध्ये अडीच इंची आणि तीन इंची. लहान चेंबरमध्ये लांब काडतूस बसल्यासारखं वाटतं, कारण न उडालेलं असताना त्याचं तोंड दुमडलेलं असतं, उडताना ते उघडायला पुढे जागा राहत नाही आणि दाब वाढतो. नळीवर कोरलेलं माप वाचून मगच घ्या.

तबकडीफोड

बाप रे, एवढं सविस्तर, सगळ्यांचे मनापासून आभार. रेंजऑफिसर साहेब, जॅकेटचं लगेच करतो. छर्रे_मोजा, खांद्याचं लिहा ना, तोच तर मुद्दा आहे. आणि अजून एक राहिलं, मुलगी १३ वर्षांची आहे, तिलाही शिकायचंय. रेंजवर सगळे म्हणतात मुलांना .४१० द्या, हलकी आणि धक्का नाही. म्हणजे एक .४१० घेतली तर दोघांचं काम भागेल का?

छर्रे_मोजा

खांदा. इथे लोक दोन गोष्टी एकत्र करतात, बोअर आणि वजन. धक्का ठरतो तो पुढे किती माल किती वेगाने जातो आणि मागे बंदूक किती जड आहे त्यावर, नळीच्या भोकाला खांदा ओळखत नाही. पुढे जाणारा माल दुप्पट केला तर धक्क्याची ऊर्जा चौपट होते आणि बंदुकीचं वजन दुप्पट केलं तर निम्मी. आता हिशोब कर. तुझी १२ बोअर ३.४ किलोची, त्यात २८ ग्रॅम छर्र्यांचं काडतूस. तेच २८ ग्रॅम २.७ किलोच्या २० मधून मारलेस तर धक्का सव्वापट. म्हणजे "छोटी बोअर घेतली म्हणजे खांदा वाचला" हे २० च्या बाबतीत सपशेल उलटं होऊ शकतं. आणि हलक्या २० मध्ये कोणी ३५ ग्रॅमचं तीन इंची मॅग्नम घातलं तर विचारूच नको.

२.६ किलोच्या २८ मध्ये २१ ग्रॅम घातले तर धक्का तुझ्या आत्ताच्या पाऊणपट होतो, तो फरक तुला रेंजवर जाणवला तो खरा. पण तुझ्याच १२ मध्ये २८ ऐवजी २४ ग्रॅमचं काडतूस घातलंस तरी धक्का जवळपास तितकाच, म्हणजे पाऊणपटच होतो. ऑलिम्पिकचं ट्रॅप आणि स्कीट २४ ग्रॅमवरच खेळतात, त्यामुळे ते कमी पडतात असं कोणी म्हणू नये. नुसता खांदाच सोडवायचा असेल तर आधी काडतुसाचं खोकं बदल, बंदूक नंतर. जुने इंग्रज बंदूककार सांगायचे की बंदूक छर्र्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी, २८ ग्रॅमला २.७ किलो, २१ ला दोन किलो. तो किमान मापाचा अंदाज आहे, तबकड्यांना त्याहून बरीच जास्त वजनाची बंदूक बरी.

हलकेपणाचा दुसरा तोटा धक्क्यापेक्षा मोठा आहे. हलकी नळी पटकन सुटते आणि तितक्याच पटकन थांबते. आडव्या जाणाऱ्या लांब तबकडीला चाप ओढतानाही नळी चालतीच राहायला लागते, जड बंदूक स्वतःच्या वजनाने चालत राहते, हलकी तू थांबवलीस की थांबली आणि तबकडीच्या मागे बार गेला. म्हणून तबकड्यांवाले २८ आणि .४१० घेतात ती ३० किंवा ३२ इंची नळीची, पुढे वजन राहावं म्हणून.

नेमबाज_ताई

मुलीबद्दल मी लिहिते, मी मुलांना शिकवते.

.४१० नको. कळकळीने सांगते. वर १०५ छर्र्यांचा हिशोब आलाय तो वाचा आणि आता विचार करा, ज्या मुलीचा नेम अजून तबकडीच्या एका बाजूला पडतोय तिच्या हातात आपण सगळ्यात विरळ पॅटर्न देतोय. जी तबकडी २४ ग्रॅमच्या कडेने तरी फुटली असती ती .४१० ला तशीच पुढे जाते. मूल काही बोलत नाही, खांदे पाडतं, आणि पुढच्या वेळी "आज नको" म्हणतं. .४१० ही मुरलेल्या माणसाची बंदूक आहे. पत्र्याचे डबे, उभ्या ठेवलेल्या तबकड्या, अगदी जवळून, बंदूक हाताळायची शिस्त लावायला, एवढ्यापुरती पहिल्या पायरीला चालते, उडत्या तबकडीला नाही. आणि आवाज लहान म्हणून कानाला काही न लावता उभं करतात मुलांना, ते तर अजिबात करू नका, .४१० चा आवाजही कान खराब करायला पुरेसा असतो.

१३ वर्षांच्या मुलीला मी गॅसवर चालणारी २० ची सेमी-ऑटो (दारूच्या वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) देते. गॅस ॲक्शनमुळे धक्का लांबवून येतो, टोचत नाही. त्यात २१ किंवा २४ ग्रॅमची काडतुसं, पण ती बंदूक एवढ्या हलक्या काडतुसावर पुढचं काडतूस ओढून घेते का ते आधी चालवून बघा, काही घेत नाहीत. सुरुवातीला तसंही एकेकच भरायचं. दस्ता तिच्या मापाचा हवा, हे बोअरपेक्षा महत्त्वाचं आहे. लांब दस्ता असला की मूल कंबरेतून मागे वाकतं, वजन टाचेवर जातं, गाल लाकडावरून उचलला जातो, आणि मग बारीकसा धक्कासुद्धा गालफडात बसतो. कोणतीही बंदूक घेण्याआधी तिला रिकामी बंदूक (उघडून दाखवून, खात्री करून) खांद्याला लावून मनात वीस म्हणेपर्यंत धरायला सांगा. नळी खाली यायला लागली तर ती बंदूक अजून तिची नाही.

२८ ची हलकी सेमी-ऑटो मिळाली तर तीही उत्तम, धक्का कमी आणि १९-२० मीटरला पॅटर्न पुरेसा. फक्त काडतुसं सगळीकडे मिळत नाहीत आणि १२ किंवा २० पेक्षा महाग पडतात कारण बनतातच कमी, शिकणारं मूल काडतुसं पुष्कळ उडवतं.

रानवाट

मी तबकडीवाला नाही, जिथे परवानगी आहे तिथे पायी हिंडून पक्ष्यांची शिकार करतो, त्या बाजूने लिहितो. दुनळी यांनी लिहिलेलं चालण्याचं सुख अक्षरशः खरं आहे. कुत्रं पुढे, पक्षी पंधरा-वीस पावलांवरून उठतो, २८ तिथे अगदी घरची वाटते. पण २८ घेऊन गेलेल्या माणसाला हात आवरता आला पाहिजे. तबकडी निसटली तर एक मार्क जातो, पक्षी दोन छर्रे घेऊन झाडीत गेला तर तो जीव तिथे कुठेतरी तळमळत मरतो. मी २८ ला ३० मीटरच्या पुढे आणि .४१० ला २० च्या पुढे चापच ओढत नाही. मोठ्या अंगाच्या पक्ष्याला मोठे छर्रे लागतात, ते मोजकेच बसतात, मग विरळपणा आणखी वाढतो. सहा नंबरचे १४ ग्रॅम म्हणजे जेमतेम ११२ छर्रे.

आणि शिशाचं. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९१ पासून बंद आहे, डेन्मार्कने १९९६ मध्ये छर्ऱ्यातलं शिसंच बंद केलं, युरोपीय संघात पाणथळ जागी फेब्रुवारी २०२३ पासून चालत नाही. पाणपक्षी खडे समजून छर्रे गिळतात आणि विषबाधा होऊन मरतात, त्यामुळे बंदी योग्यच आहे असं माझं मत. पण छोट्या बोअरला तिचाच सगळ्यात जास्त फटका बसला. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८. हलका छर्रा लवकर दमतो म्हणून तेवढाच मार पाहिजे तर छर्रा दोन नंबरांनी जाड घ्यावा लागतो, तो जागा जास्त खातो, आणि जागा तर २८ मध्ये आधीच नाही. १२ मध्ये स्टील घालून काम निभतं, २८ मध्ये अंतर एकदम आखडतं. बिस्मथ ९.६, ते बरं पडतं, मऊ असल्यामुळे जुन्या नळीलाही चालतं. जुनी कायम चोकची बारीक दुनळी घेणार असाल तर तिच्यात स्टील घालू नका, नळी त्यासाठी बनलेलीच नसते.

उलट टोकाला टंगस्टन. त्याचे चांगले छर्रे १८ घनतेचे येतात, म्हणून नऊ नंबरचा बारीक छर्रासुद्धा लांबवर जोर धरून राहतो आणि बारीक असल्यामुळे तेवढ्याच वजनात खूप मावतात. अमेरिकेत रानटर्की मारायला लोक आता त्यावर .४१० घेऊन जातात, ४० यार्डांपर्यंत. पण ते काडतूस इतकं महाग की सरावाला कोणी वापरणार नाही, आणि ती सगळी करामत छर्र्याची आहे.

काडतूस_भरणारा

थोडक्यात दोन गोष्टी. २८ आणि .४१० वाले बरेच जण काडतुसं स्वतः भरतात ते ताईंनी लिहिलेल्या महागाईमुळेच, रिकामी टरफलं गोळा करून भरली तर खर्च १२ च्या आसपास येतो. २८ भरायला सोपं. .४१० ला तोंड इतकं लहान की वॅड तिरकं बसतं, छर्रे गळ्याशी अडकून पूल होतो आणि वजन कमी पडतं, तिथे प्रत्येक भरणी डोळ्याने बघावी लागते. दारूचं माप पुस्तकातल्या नोंदीप्रमाणेच, अंदाजाने काही बदलायचं नाही.

दुसरं, तबकडीफोड, तुझ्याकडे ओव्हर-अंडर आहेच तर ट्यूबचा विचार केलास का? ॲल्युमिनियमच्या पूर्ण लांबीच्या ट्यूब तुझ्या १२ च्या नळीत बसतात आणि तीच बंदूक २०, २८, .४१० होते. दस्ता तोच, चाप तोच. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास वाढतं, म्हणजे हलकेपणा विसर, पण ३.७ किलोच्या बंदुकीतून २१ ग्रॅम मारल्यावर खांद्याला काही कळतच नाही. स्कीटचे चारही गट खेळणारे कितीतरी लोक असेच खेळतात. १६ ला त्या चार गटांत जागाच मिळाली नाही, एवढी गुणी बोअर मागे पडण्यात त्याचाही हात आहे, मला त्याचं वाईट वाटतं.

तबकडीफोड

आता चित्र स्पष्ट झालं. मुलीसाठी २० ची गॅस सेमी-ऑटो, दस्ता तिच्या मापाचा. माझ्या १२ ला या आठवड्यापासून २४ ग्रॅम. आणि २८ मी घेणारच, खऱ्या फ्रेमवरची, कारण ती हातात घेऊन जे वाटलं ते काही हिशोबाने पुसलं जात नाहीये, पण आता ती कशासाठी घेतोय ते माहीत आहे, स्कीटसाठी आणि जवळच्या स्पोर्टिंगसाठी. ट्यूबने खांदा सुटेल पण बोटं वळणार नाहीत हो 🙂 शेवटचा प्रश्न, चोक कोणता? छर्रे कमी आहेत तर आवळून घ्यावा का, म्हणजे दाटी राहील?

छर्रे_मोजा

स्कीटला आवळू नकोस. १९ मीटरला स्कीट चोक किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (दोन्ही मोकळे), बास. आवळलास तर दाटी वाढते पण वर्तुळ ताटाएवढं होतं, मग नेमाला चुकायची जागाच राहत नाही. ३० मीटरच्या स्पोर्टिंगला मॉडिफाइड (मध्यम) लाव, त्याच्या पुढे फुल (सगळ्यात आवळलेला) लावून छर्र्यांची संख्या काही वाढणार नाही.

पण माझ्या किंवा कोणाच्याच सांगण्यावर जाऊ नको, कागदावर मार. चार फुटी कागद, मध्ये ठिपका, तू खरोखर ज्या अंतरावर मारतोस तिथे उभा राहून, ठिपक्यावर नेम धरून एक बार. मग छर्रे जिथे दाट पडलेत ते मध्य धरून ३० इंची वर्तुळ काढ. ठिपका मध्यावर आला नाही तर बंदूक कुठे मारते तेही तिथेच कळलं. एक खरी तबकडी घे, कडेने धरून तिची आकृती पुठ्ठ्यावर कापून काढ आणि तो ११ बाय अडीच सेंमीचा तुकडा कागदभर सरकवत जा. जिथे त्याच्याखाली एकही भोक येत नाही तिथे पेन्सिलने खूण कर. १२, २८ आणि .४१० चे कागद शेजारी शेजारी लावलेस की कुठल्या अंतरापर्यंत जायचं ते दिसेल. एका कागदावर ठरवू नको, प्रत्येक चोकला निदान पाच तरी मार, कारण एकाच खोक्यातली दोन काडतुसं कधी सारखी मारत नाहीत. आणि काडतुसाचा ब्रँड बदललास की पुन्हा पहिल्यापासून.

दुनळी

आणि काकांना विचार, कदाचित ते त्यांचीच कागदावर मारून बघायला देतील. त्यांनाही ते आकडे बघायला आवडतील.

तबकडीफोड

विचारलं. रविवारी कागद मी नेणार, काडतुसं ते आणणार. फोटो टाकतो इथेच.